पंगत वाढणाऱ्यांनी कायद्यावरही बोलावे

रेल्वे स्थानकाबाहेर, देवळाच्या पायऱ्यांवर किंवा सरकारी रुग्णालयाच्या फाटकापाशी रोज संध्याकाळी अन्न वाटणाऱ्या संस्था महाराष्ट्राच्या प्रत्येक मोठ्या शहरात आहेत. थंडीत त्या ब्लँकेट देतात, चिघळलेल्या जखमा धुतात, वाढलेले केस कापतात आणि कधी एखाद्या हरवलेल्या वृद्धाला शोधाशोध करून त्याच्या गावी पोचवतात. या कामाबद्दल समाजात आदर आहे आणि तो रास्त आहे. मात्र ज्याच्या हातात संध्याकाळी अन्नाचे पाकीट ठेवले, त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकतात आणि दंडाधिकाऱ्यांपुढे संक्षिप्त चौकशी होऊन त्याची रवानगी किमान वर्षभरासाठी भिक्षेकरी गृहात होऊ शकते, याविषयी या संस्था सहसा काही बोलत नाहीत. विचारले तर “आम्ही सेवा करतो, राजकारण करत नाही” असे उत्तर मिळते. या उत्तरामागचा हेतू शुद्ध असला तरी ते सेवेच्याच मुळावर येते, असे माझे मत आहे. दुर्बलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने त्यांच्या आयुष्याला वेढून असलेल्या कायद्यांबद्दल आणि शासकीय नियमांबद्दल जाहीरपणे, पुराव्यानिशी आणि चिकाटीने बोलणे हा तिच्या कामाचाच भाग आहे. महाराष्ट्रात याची कसोटी पाहायची असेल, तर १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा समोर ठेवावा.

या कायद्याची व्याप्ती बहुतेकांना माहीत नसते. सार्वजनिक ठिकाणी हात पसरून पैसे मागणे एवढीच भीक त्यात अभिप्रेत नाही. गाणे म्हणून, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करून पैसे मिळवणे हेसुद्धा तिच्या व्याख्येत बसते. उपजीविकेचे साधन दिसत नाही आणि माणूस सार्वजनिक जागी अशा रीतीने फिरतो आहे की तो भीक मागूनच जगत असावा असे वाटते, एवढेही कारण पुरेसे ठरू शकते. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षांची स्थानबद्धता आहे, आणि पुनःपुन्हा सापडणाऱ्यासाठी ती दहा वर्षांपर्यंत जाते. पकडलेल्या व्यक्तीवर अवलंबून असलेल्यांनाही गृहात ठेवण्याची तरतूद आहे. कुष्ठरुग्ण आणि मनोरुग्ण यांना वेगळे काढून अन्यत्र डांबण्याचे मूळ कायद्यातले कलम तर त्या काळाच्या वैद्यकीय अज्ञानाचा नमुनाच म्हणावे लागेल. कायद्याने किंवा पोलिसांनी संमती दिलेल्या कारणासाठी पैसे गोळा करणाऱ्यांना मात्र यातून वगळलेले आहे. त्यामुळे पावतीपुस्तक घेऊन वर्गणी मागणारा सुटतो आणि ज्याच्याकडे पावतीपुस्तक नाही तो अडकतो.

ही व्याख्या महाराष्ट्रात लागू केली की कोण कोण तिच्या आत येतो, हे पाहण्यासारखे आहे. पहाटे दारोदार फिरणारा वासुदेव, नंदीबैलवाला, बहुरूपी, कुडमुडे जोशी, पोतराज, डोंबारी, नाथपंथी डवरी गोसावी हे सगळे त्यात येतात. ज्यांच्या कलेचे आपण संमेलनांतून आणि लोककला महोत्सवांतून कौतुक करतो, त्यांची रोजची उपजीविका आपल्या कायद्याच्या दृष्टीने गुन्हा ठरू शकते. या जमातींपैकी काहींवर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का बसला होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला आणि सात वर्षांनी हा नवा कायदा आला. दोन्ही कायदे एकाच हेतूने झाले असे मी म्हणणार नाही. पण एका गावात न राहणारा, शेती किंवा पगार नसलेला माणूस संशयास्पद असतो, ही धारणा दोन्हींत सारखीच आहे. ही धारणा कायद्याच्या पुस्तकापुरती राहत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागायला आलेले डवरी गोसावी होते. त्या हत्येला भिक्षा प्रतिबंधक कायदा कारणीभूत होता असा दावा कोणी करू नये. मात्र ज्या समाजात अशा माणसांचे असणेच बेकायदेशीर मानले जाते, तेथे त्यांच्याविषयीची अफवा लोकांना लवकर खरी वाटते, हे नाकारता येत नाही.

कायद्याची अंमलबजावणी जेथे होते तेथे काय घडते, हे एप्रिल २०२५ मध्ये दिसले. शिर्डीतून पकडून श्रीगोंदा तालुक्यातील विसापूरच्या भिक्षेकरी गृहात ठेवलेल्यांपैकी काहींची प्रकृती बिघडली, त्यांना अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात हलवण्यात आले आणि त्यांतील चार जणांचा तेथे मृत्यू झाला. नातेवाइकांनी उपासमारीचे आणि हेळसांडीचे आरोप केले. त्याच महिन्याच्या अखेरीस राज्य मंत्रिमंडळाने भिक्षेकरी गृहांतील व्यक्तींना त्यांच्या कामाबद्दल मिळणाऱ्या मोबदल्यात वाढ केली. १९६४ च्या नियमांनुसार महिन्याला पाच रुपये मिळत होते, ते आता दिवसाला ४० रुपये झाले. साठ वर्षे ही रक्कम महिन्याला पाच रुपयेच राहिली, ही गोष्ट मला मृत्यूंइतकीच बोलकी वाटते. या काळात सरकारी नोकरांचे किती वेतन आयोग येऊन गेले, आमदारांचे भत्ते किती वेळा वाढले, हे सर्वांना ठाऊक आहे. भिक्षेकरी गृहातल्या माणसाच्या वतीने विधिमंडळाच्या दारात उभे राहणारे कोणी असते, तर ही रक्कम साठ वर्षे गोठून राहिली नसती.

येथे सेवाभावी संस्थांचा संबंध येतो. भिक्षेकऱ्यांची संघटना नाही. त्यांच्यापैकी अनेकांची मतदार यादीत नावे नाहीत, पत्ता नाही, आधार कार्ड हरवलेले किंवा कधी काढलेलेच नाही. २०११ च्या जनगणनेने देशात चार लाख तेरा हजारांहून अधिक भिकारी आणि भटके मोजले, महाराष्ट्रात सुमारे २४ हजार. निवडणुकीच्या हिशेबात ही संख्या नगण्य आहे, आणि जी आहे तीही विखुरलेली. अशा माणसांना रोज भेटणारे, त्यांची नावे ठाऊक असणारे, कोण कोठून आला आणि कशामुळे रस्त्यावर पडला हे जाणणारे जर कोणी असतील, तर ते पोलीस आणि या संस्थांचे कार्यकर्ते. पोलिसांची माहिती आरोपपत्रात आणि नोंदवहीत जाते. कार्यकर्त्यांची माहिती मात्र आभार मानून संपणाऱ्या अहवालात विरून जाते, आणि धोरण आखणाऱ्याच्या टेबलावर ती कधी पोचतच नाही.

याला अपवाद आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००६ मध्ये मुंबईत सुरू केलेला ‘कोशिश’ हा प्रकल्प बेघर आणि भिक्षेकरी व्यक्तींसोबत काम करता करता या कायद्याविरुद्धही बोलत राहिला. स्थानबद्धतेऐवजी काळजी आणि पुनर्वसन हा पाया मानणारे आदर्श विधेयक केंद्र सरकारने २०१६ मध्ये मसुद्याच्या रूपाने पुढे आणले, त्यामागे अशा कार्यकर्त्यांचा वर्षानुवर्षांचा रेटा होता. ते विधेयक पुढे सरकले नाही. याच प्रकल्पाच्या चमूने बिहार सरकारच्या सांगण्यावरून तेथील निवारागृहांची सामाजिक तपासणी केली आणि मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातील अत्याचार त्या अहवालातून २०१८ मध्ये उघड झाले. बंद दाराआड ठेवलेल्या माणसांचे काय होते, हे बाहेरच्या आणि प्रशिक्षित नजरेशिवाय कळत नाही, याचा याहून कठोर पुरावा लागू नये.

सेवा आणि धोरणाची मागणी या दोन गोष्टी वेगळ्या करण्याची सवय महाराष्ट्राच्या परंपरेतून आलेली नाही. जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली आणि चौतीस वर्षांनी, १८८२ मध्ये, ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन देऊन बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. शेतकऱ्यांकडून गोळा होणारा महसूल उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर कसा खर्च होतो, हे त्यांनी सरकारला लेखी सुनावले. शाळा चालवण्याचा अनुभव नसता तर त्या निवेदनाला वजन आले नसते, आणि निवेदन दिले नसते तर शाळांचा प्रश्न त्यांच्या चार-सहा शाळांपुरताच राहिला असता. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये निराश्रित साहाय्यकारी मंडळीची स्थापना करून वसतिगृहे आणि शाळा चालवल्या, आणि १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांविषयी साक्षही दिली. त्यांची भूमिका सर्वांना पटली नाही, तो वाद वेगळा. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालये चालवली आणि तेथूनच ते कामगार कायद्यांकडे वळले. १९२१ मध्ये त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात कामगार संघांना कायदेशीर संरक्षण देण्याचा ठराव मांडला आणि १९२६ मध्ये त्याविषयीचा कायदा झाला. या तिघांनाही “तुम्ही सेवा करा, राजकारणात पडू नका” असा सल्ला देणारे त्या काळी भरपूर होते.

अलीकडच्या काळातली दोन कामे मला याहून महत्त्वाची वाटतात, कारण त्यांत संस्थेने केलेले निरीक्षण थेट शासनाच्या नियमात कसे उतरले हे दिसते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८६ पासून काम केले. गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली, तर बालमृत्यू किती कमी होतात याचा प्रयोग त्यांनी ३९ गावांत केला. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरची नवजात बालसेवा देशभर सुरू केली. ‘सर्च’ने केवळ ३९ गावांतली बाळे वाचवून समाधान मानले असते, तरी ते पुण्याचे काम ठरले असते. पण बाकीच्या लाखो गावांतल्या बाळांचे काय, हा प्रश्न तसाच राहिला असता.

पुण्याचे उदाहरण शहरी आहे आणि आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या स्त्रियांमध्ये साक्षरतेचे काम करत होत्या. त्यातून, बाबा आढाव यांच्यासारख्या हमाल चळवळीत मुरलेल्या नेत्याच्या साथीने, १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. या स्त्रियांना खाऊ, कपडे किंवा औषधे वाटणे सोपे होते. पंचायतीने मागितले ते ओळखपत्र. महापालिकेच्या मान्यतेचा शिक्का असलेले ते कार्ड हातात आल्यावर ‘चोरीचा माल’ म्हणून गोणी हिसकावणाऱ्यापुढे उभे राहण्याचे बळ त्यांना मिळाले. या स्त्रिया शहराचा किती कचरा उचलतात आणि त्यामुळे महापालिकेचा वाहतुकीवरचा किती खर्च वाचतो, याचा हिशेब मांडून पंचायतीने त्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता महापालिकेने भरावा ही मागणी मान्य करून घेतली. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली, आणि २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरावेचकांच्या संघटनांना सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकण्यात आली. करारांच्या नूतनीकरणावरून आजही ओढाताण होते. तरी ज्या स्त्रीला पूर्वी उकिरड्यावरची भटकी समजत, तिला कामगार म्हणून कागदोपत्री स्थान मिळाले. कितीही अन्नछत्रे उघडली असती तरी हे स्थान तिला त्यांतून मिळाले नसते.

भिक्षा प्रतिबंधक कायद्याला विरोध केला की पहिला आक्षेप टोळ्यांचा येतो. लहान मुलांना पळवून, अपंग करून भीक मागायला लावणाऱ्या टोळ्या आहेत, मग कायदा रद्द करून त्यांना मोकळे रान द्यायचे का, असे विचारले जाते. प्रश्न गंभीर आहे, पण त्याचे उत्तर इतर कायद्यांत आधीपासून आहे. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७६ नुसार मुलांकडून भीक मागवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि त्यासाठी मुलाला अपंग करणाऱ्याला सात ते दहा वर्षे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३९ नुसार भिकेसाठी मुलाचे अपहरण केल्यास किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे आणि मुलाला अपंग केल्यास किमान वीस वर्षे. मानवी व्यापाराच्या व्याख्येतही आता भीक मागवण्याचा समावेश आहे. खुद्द १९५९ च्या कायद्यातील कलम ११ दुसऱ्याकडून भीक मागवणाऱ्याला शिक्षा करते, आणि ते कलम ठेवायला कोणाचीच हरकत नाही. टोळीच्या म्होरक्याला पकडणे अवघड असते आणि देवळापुढे बसलेली म्हातारी गाडीत घालणे सोपे असते, म्हणून मोहिमा म्हातारीवर होतात. मोठे पाहुणे येणार असले की मोहिमांना जोर चढतो. मार्च २०२३ मध्ये नागपुरात जी-२० शी संबंधित बैठकीच्या सुमारास पोलिसांनी जमावबंदीच्या कलमाखाली शहरात भीक मागण्यावरच बंदी घातली होती. त्या आदेशाने एखादी टोळी उद्ध्वस्त झाल्याचे मी तरी वाचले नाही.

दुसरा आक्षेप संस्थांच्या आतूनच येतो आणि त्यामागे भीती असते. सरकारविरुद्ध बोललो तर नोंदणी, परकीय देणग्यांचा परवाना, कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी या सगळ्यांवर गदा येईल, असे विश्वस्तांना वाटते. ही भीती निराधार आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण कायदा काय म्हणतो हेही पाहिले पाहिजे. परकीय देणगी नियमांतील ‘राजकीय स्वरूपाच्या संस्था’ या तरतुदीला आव्हान मिळाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ६ मार्च २०२० च्या निकालात स्पष्ट केले की पक्षीय राजकारणाशी संबंध नसताना लोकांच्या हक्कांसाठी सनदशीर आंदोलन करणाऱ्या संस्थेला केवळ त्या कारणाने राजकीय ठरवून देणग्या बंद करता येणार नाहीत. विधिमंडळाच्या समितीला निवेदन देणे, मसुद्यावर हरकती-सूचना पाठवणे, जनहित याचिका करणे, माहिती अधिकारात अर्ज करणे ही नागरिकांची नेहमीची कामे आहेत. ती करण्यात पक्षाचे राजकारण कोठेच येत नाही. देणगीदारांचा अडथळा मला कायद्यापेक्षा मोठा वाटतो. किती पाकिटे वाटली हे छायाचित्रासह दाखवता येते. एका नियमातला एक शब्द बदलावा म्हणून सात वर्षे मंत्रालयात खेटे घातले, याचे छायाचित्र निघत नाही. कंपनीच्या अहवालात पहिल्या कामाला रकाना असतो, दुसऱ्याला नसतो. विश्वस्तांनी देणगीदारांना हे समजावून सांगायला हवे, आणि त्यासाठी आधी ते त्यांना स्वतःला पटलेले असले पाहिजे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. दुर्बलांच्या नावाने बोलणारी संस्था हळूहळू त्यांचा आवाजच होऊन बसते आणि ज्यांच्याबद्दल बोलायचे ते बाजूला पडतात. हे घडते. परिसंवादाच्या मंचावर बेघरांविषयी पाच तज्ज्ञ बोलतात आणि बेघर माणूस प्रेक्षकांतही नसतो. यावर उपाय संस्थेने गप्प बसणे हा नाही, कारण संस्था गप्प बसली म्हणून बेघर माणसाला व्यासपीठ मिळत नाही. पुण्यात पंचायतीच्या कारभारात कचरावेचक स्त्रियाच निर्णयाला बसतात, म्हणून तिच्या मागण्या ओळखपत्र आणि विमा अशा रोजच्या गरजेच्या राहिल्या. भिक्षेकऱ्यांच्या बाबतीत हे अधिक अवघड आहे, कारण आजारी, वृद्ध आणि मनोरुग्ण माणसांची संघटना बांधणे कचरावेचकांच्या संघटनेसारखे नसते. पण गृहातून सुटलेल्यांची साक्ष नोंदवणे, त्यांना समितीपुढे नेणे आणि मागण्यांचा मसुदा त्यांच्यापुढे वाचून दाखवणे एवढे तर कोणत्याही संस्थेला शक्य आहे.

न्यायालयांचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. १९५९ चा कायदा दिल्लीलाही लागू होता. त्याला हर्ष मंदर आणि कर्णिका साहनी यांनी आव्हान दिले, आणि ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागणे हाच गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. लोक हौसेने भीक मागत नाहीत, दुसरा मार्ग नसतो म्हणून मागतात, आणि अन्न-निवारा पुरवण्यात राज्य कमी पडले असताना त्या माणसालाच शिक्षा करणे अन्यायाचे आहे, असा त्या निकालाचा आशय होता. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने तेथील भिक्षा प्रतिबंधक कायदा रद्द केला. जुलै २०२१ मध्ये रस्त्यावरून भिकाऱ्यांना हटवण्याची मागणी आली, तेव्हा या प्रश्नाकडे वरिष्ठ वर्गाच्या नजरेतून पाहणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे बेघर आणि भिक्षेकऱ्यांना तीन वेळचे जेवण, पाणी आणि निवारा द्यावा अशी याचिका होती. तेथे न्यायालयाने, त्यांनीही देशासाठी काम केले पाहिजे आणि सगळेच राज्य पुरवू शकत नाही, असे मत व्यक्त केले. न्यायपीठे वेगळी होती, काळ कोरोनाचा होता, त्यामुळे या तुलनेवर फार भार टाकू नये. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अन्न आणि पाणी मागितले, तेव्हा प्रश्न दातृत्वाचा झाला आणि दात्याने किती द्यावे याची चर्चा सुरू झाली. कायद्याच्या वैधतेला हात घातला, तेव्हा उत्तर देण्याची जबाबदारी राज्यावर आली.

आणि माणूस रस्त्यावर येऊ नये यासाठी ज्या योजना आहेत त्यांच्या नियमांचे काय? संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून राज्यात आहे. विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजाराचे रुग्ण, अनाथ अशा अनेकांना तिचा आधार आहे आणि सध्या महिन्याला १,५०० रुपये मिळतात. दिव्यांगांचे अनुदान २०२५ मध्ये वाढवून २,५०० रुपये करण्यात आले. पण दिव्यांग वगळता इतरांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये आहे, म्हणजे दिवसाला अठ्ठावन्न रुपयांहून कमी. त्याच राज्याने २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आणली, तेव्हा तितक्याच १,५०० रुपयांसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली. निराधाराने अर्ज करताना किमान पंधरा वर्षे राज्यात वास्तव्य असल्याचा पुरावा द्यायचा असतो, आणि पंधरा वर्षे पुलाखाली काढलेल्या माणसाला तसा दाखला कोणता तलाठी देणार, याचे उत्तर शासन निर्णयात सापडत नाही. खरोखर अठ्ठावन्न रुपयांत जगणारे कुटुंब महाराष्ट्रात टिकू शकत नाही, हे दाखला देणाऱ्यालाही कळते. म्हणून दाखले खोटे होतात, किंवा तसा दाखला मिळवण्याची ओळख नसलेला माणूस वंचित राहतो. तहसील कार्यालयातल्या रांगेत हयातीचा दाखला घेऊन उभ्या असलेल्या आजींना मदत करणाऱ्या शेकडो संस्था आहेत. त्या एकत्र येऊन २१ हजारांचा आकडा बदलण्याची मागणी विधिमंडळाच्या प्रत्येक अधिवेशनात का करत नाहीत, हे मला आजवर समजलेले नाही. एकेक आजीचा अर्ज भरून देणे चांगलेच आहे, पण तो अर्ज फेटाळणारा नियम तसाच राहतो.

केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘स्माइल’ योजना आणली आणि तिच्या एका भागात भीक मागणाऱ्यांचे सर्वेक्षण, निवारा, उपचार आणि कौशल्य प्रशिक्षण यांची तरतूद केली. तीर्थक्षेत्रांवर तिचा विशेष भर आहे. एकीकडे पुनर्वसनाची योजना आणि दुसरीकडे अटकेचा कायदा अशी ही दुहेरी व्यवस्था चालू शकत नाही, हे रस्त्यावर काम करणाऱ्या कोणालाही सांगता येईल. सर्वेक्षणाला आलेला माणूस पुढच्या मोहिमेची यादी करतो आहे अशी शंका असेल, तर कोणीही खरे नाव सांगणार नाही. जानेवारी २०२५ पासून इंदूर प्रशासनाने भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचा आदेश काढला. महाराष्ट्रातल्या एखाद्या महापालिकेला तोच मोह झाला, तर रोज पाकिटे वाटणाऱ्या संस्थाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहतील. निदान या कारणाने तरी त्यांनी आता तोंड उघडावे.

बोलण्यासाठी ठोस निमित्त उपलब्ध आहे. सन २००० मध्ये दिल्लीच्या लामपूर भिक्षेकरी गृहात दूषित पाण्यामुळे माणसे दगावली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये देशभरातल्या भिक्षेकरी गृहांसाठी निर्देश दिले. ही गृहे शिक्षेची ठिकाणे नसून माणूस सावरण्याची ठिकाणे असली पाहिजेत, दाखल झाल्यापासून चोवीस तासांत प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी व्हावी, दरमहा आरोग्य तपासणी व्हावी, आहाराची गुणवत्ता पाहिली जावी, दर दोन वर्षांनी इमारतींची तपासणी व्हावी, कायदेशीर मदत मिळावी आणि निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास वारसांना भरपाई मिळावी, असे त्यात आहे. अंमलबजावणीसाठी राज्यांना सहा महिन्यांची मुदत दिली होती. प्रत्येक जिल्ह्यातल्या संस्थांनी आपल्या भागातल्या गृहाबाबत महिला व बालविकास विभागाकडे याच मुद्द्यांवर माहिती अधिकारात अर्ज करावेत, मिळालेली उत्तरे एकत्र करून राज्याचा अहवाल तयार करावा आणि विसापूरच्या चार मृत्यूंची चौकशी कोठवर आली हे त्यात ठळकपणे विचारावे. तो अहवाल आमदारांकडे देताना सोबत दोन ओळींचे मागणीपत्र जोडावे: १९५९ च्या कायद्यातील अटकेची आणि स्थानबद्धतेची कलमे रद्द करून कलम ११ कायम ठेवावे, आणि निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा व वास्तव्याची अट बदलावी. पहिल्या मागणीला कायदा दुरुस्तीचे विधेयक लागेल, पण दुसरी मान्य करायला मंत्रिमंडळाचा निर्णय आणि एक शासन निर्णय पुरेसा आहे.